लेले मॅडमचा एक ग्लास

शनिवारी संध्याकाळी आमच्या घरी अंड्याचा बलक यायचा. नुसता पिवळा. स्टीलच्या वाटीत, वर बशी झाकलेली. तो फुटू नये म्हणून मी वाटी दोन्ही हातांत धरून कल्याण पूर्वेहून विठ्ठलवाडीपर्यंत हळूहळू चालत यायची. आई त्यात आणखी एक अंडं फोडून, कांदा घालून पोळा करायची. चौथ्या की पाचव्या शनिवारी तिनं विचारलं, "काय गं सुजे, ह्यातलं पांढरं कुठं जातं?"

मी म्हणाले, "मॅडम केसांना लावतात."

मला खोटं नीट बोलता येत नाही. अडखळते, कान लाल होतात. हे एक मात्र पटकन तोंडातून निघून गेलं आणि आईला पटलंही. खरं तर ते पांढरं लेले मॅडम व्हिस्कीत घालत.

आमच्या घरात हे सांगणं का शक्य नव्हतं, ते आधी सांगायला हवं. माझे पप्पा मी नववीत असताना गेले, ते दारूनं. आई उल्हासनगरला जीन्सच्या कारखान्यात धागे कापते. रोज सकाळी आम्ही पंचशील म्हणतो तेव्हा पाचव्या शीलाला, म्हणजे नशा न करण्याच्या वचनाला, तिचा आवाज बाकीच्या चारांपेक्षा मोठा होतो. मी कॉलेजात जायला लागले तेव्हा तिनं माझ्याकडून शब्द घेतला होता. दारूला हात लावायचा नाही आणि दारू पिणाऱ्याच्या घराची पायरी चढायची नाही. आमच्या घरातून कॉलेजात जाणारी मी पहिलीच, त्यामुळे मला काय काय जपायचं आहे याची यादी आईकडे तयार होती. त्यात हे सगळ्यात वर होतं.

आणि मी आठवड्यातले सहा दिवस लेले मॅडमच्या घरी, त्यांच्या जेवणाच्या टेबलावर बसून अभ्यास करत होते.

त्यांची ओळख अभ्यासिकेत झाली. चाळीतल्या एका खोलीत टीव्ही, शिलाई मशीन आणि आम्ही तिघं (मला धाकटा भाऊ आहे), म्हणून मी कल्याणच्या एका वाचनालयाच्या अभ्यासिकेत बसायची. मॅडम तिथे वर्तमानपत्रं वाचायला येत. कडक स्टार्चची कॉटनची साडी, बारीक चण, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा. एक दिवस त्या माझ्या मागे थांबल्या. समोर माझी केमिस्ट्रीची जर्नल होती.

"ही तीन रीडिंगं तुझी आहेत?"

"हो."

"तिन्ही अगदी सारखी आलीत. माणसाच्या हाताचं इतकं सारखं येत नाही. कोणाचं उतरवलंस?"

मी मैत्रिणीचं नाव सांगितलं. त्या म्हणाल्या, "तिनंही उतरवलंय. तिला सांग, निदान उतरवताना तरी चूक दुरुस्त करत जा."

मला रडूच आलं. बसायला जागा नाही, वेळ नाही, प्रॅक्टिकलला एक ब्युरेट चार जणींत, असं मी काय काय बोलले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि पत्ता लिहून दिला. पुढच्या महिन्यात अभ्यासिका दुरुस्तीसाठी बंद झाली तेव्हा मी तो पत्ता शोधत गेले.

पहिल्या दिवशी मला तहान लागली आणि मी स्वयंपाकघराच्या दाराशी घुटमळले. आत जावं की मागावं, ते कळेना. मॅडमनी पेपरातून मान वर केली नाही. "माठ डाव्या हाताला आहे. आणि मला एक भांडं आण," म्हणाल्या. त्यानंतर त्या घरात मी कधी घुटमळले नाही.

मॅडमनी एकतीस वर्षं ठाण्याला एका औषध कंपनीत गुणवत्ता तपासणीत काढली होती. लग्न केलं नव्हतं. आई होती तोवर आईबरोबर राहिल्या, मग एकट्या. घरातल्या प्रत्येक डब्यावर, बाटलीवर चिठ्ठी असे. आत काय आहे, कधी भरलं, कधीपर्यंत वापरायचं आणि खाली सही. कुळीथ पिठाच्या डब्यावरसुद्धा सही! एकदा मी विचारलं, "मॅडम, घरात तुम्ही एकट्याच, मग सही कशाला?" त्या म्हणाल्या, "उद्या बिघडलं तर कोणाला बोलायचं ते माहीत नको?"

कंपनीतली एकच गोष्ट त्या पुन्हा पुन्हा सांगत. लहान मुलांच्या खोकल्याच्या औषधाचा मोठा लॉट त्यांनी नापास केला होता. वरचे साहेब म्हणाले, लेले, जरा सांभाळून घ्या, गाडी दारात उभी आहे. मॅडमनी कागदावर 'नापास' लिहिलं, सही केली, पेनाचं टोपण लावलं. पण त्या हे सांगत ते वेगळ्याच कारणासाठी. "त्या गडबडीत माझी कंपनीची बस चुकली गं. खोपटला एसटी स्टँडवर तास-दीड तास बसले. तिथं आयुष्यात पहिल्यांदा एकटीनं मिसळ खाल्ली. काय तिखट होती!" साहेबांचं पुढे काय झालं, हे मी तीनदा विचारलं. तिन्ही वेळा उत्तर मिसळीबद्दलच आलं.

आणि शनिवार.

शनिवारी बरोबर साडेसातला मॅडम टेबलाचं एक टोक रिकामं करायला सांगत. मग कपाटातून बाटली येई. तिच्याबरोबर कंपनीतून निरोपाच्या वेळी मिळालेलं काचेचं मोजपात्र, साखरेच्या पाकाची बाटली (चिठ्ठी, तारीख, सही), लिंबू, आणि पाण्यात बुडवून ताजं असल्याची खात्री केलेलं एक अंडं. साठ मिली व्हिस्की, वीस मिली पाक, बावीस मिली लिंबाचा रस, एका अंड्याचं पांढरं. कंपनीत नवं यंत्र बसवायला आलेल्या एका परदेशी म्हाताऱ्या इंजिनियरनं जाताना प्रयोगशाळेतल्या सगळ्यांना हे चंचुपात्रांत करून दिलं होतं. बाकीच्या बायकांनी ओठ लावून ठेवून दिलं. मॅडमनी संपवलं आणि प्रमाण विचारून वहीत लिहून घेतलं.

"पण त्यानं लिंबू तीस सांगितलं होतं," त्या म्हणायच्या. "त्याच्याकडची लिंबं मोठी, पिवळी. आपलं कागदी लिंबू फार आंबट. मी तीसपासून खाली येत गेले. सव्वीस, चोवीस, बावीस. बावीसला जमलं."

हे त्यांनी आई गेल्यानंतर, निवृत्त झाल्यावर सुरू केलं. आई असताना घरात अंडं येणं शक्य नव्हतं. "व्हिस्की आणली असती तर आईनं औषध म्हणून एक वेळ चालवून घेतली असती. अंड्याला औषध कसं म्हणणार?"

सगळं एका झाकणाच्या बरणीत घालून त्या आधी बर्फाशिवाय हलवत. बरणीभोवती पंचा गुंडाळलेला, झाकणावर अंगठा, आणि तोंडानं पुटपुटत साठपर्यंत आकडे. मग बर्फ घालून पुन्हा तीस. मग गाळून ग्लासात. वर पांढरा, जाड, साबणासारखा फेस यायचा. त्यावर जायफळ एकदाच किसणीवर ओढायचं. मी लिंबू पिळायची, अंडं फोडायची, बलक वाटीत काढायची. बाटलीला मी कधी हात लावला नाही. पहिल्याच शनिवारी मी चाचरत सांगितलं होतं की घरी शब्द दिलाय. मॅडमनी मान डोलावली आणि बाटली माझ्यापासून दूर, टेबलाच्या पलीकडच्या टोकाला ठेवली. पुढेही ती नेहमी तिथंच असायची. मात्र शब्दाचा दुसरा भाग, पायरी न चढण्याचा, मी त्यांना सांगितला नाही. सांगितला असता तर त्यांनी त्याच दिवशी मला घरी पाठवलं असतं आणि पुढचा सगळा अभ्यास मी कुठं बसून केला असता, मला माहीत नाही.

त्यांच्याकडे परवाना होता. दारू पिण्याचा सरकारी परवाना, प्लास्टिकच्या पिशवीत, गॅसच्या पुस्तकाबरोबर. दीड-दोन महिन्यांतून एकदा त्या कापडी पिशवी घेऊन वाइन शॉपच्या रांगेत उभ्या राहत. एकदा मी रस्त्याच्या पलीकडे थांबून पाहिलं. रांगेतले पुरुष गडबडून बाजूला होत होते. "या मावशी, तुम्ही पुढं व्हा." मॅडम म्हणाल्या, "का? नंबर तुमचा आहे." खिडकीशी पोचल्यावर त्यांनी आधी परवाना काढून समोर धरला. आतला माणूस हसायला लागला. "मावशी, इतकी वर्षं गल्ल्यावर बसतोय, कुणी दाखवला नाय."

"तुम्ही मागायला हवा," मॅडम म्हणाल्या. "नीट बघा. तारीख बघा."

त्यानं बघितली. मागचे चार जण खिसे चाचपायला लागले.

दुसऱ्या वर्षाचा निकाल लागला, मला चांगले मार्क पडले आणि आई रव्याचे लाडू घेऊन माझ्याबरोबर मॅडमच्या घरी आली. मी तिला शुक्रवारीच नेलं, मुद्दाम. सगळं नीट चाललं होतं. मॅडमनी लाडू खाऊन रवा किती वेळ भाजला ते विचारलं. आई खुलली. मग जाता जाता कौतुकानं म्हणाली, "मॅडम, केस अजून किती दाट आहेत तुमचे. त्या अंड्याच्या पांढऱ्यानं हो ना?"

"केसांना?" मॅडमना कळेना. "नाही हो. मी ते व्हिस्कीत घालते."

आईला आधी ती थट्टा वाटली. ती हसलीसुद्धा. मग तिनं माझ्याकडे पाहिलं आणि माझे कान पाहून तिला कळलं.

मॅडम माझ्याकडे वळल्या. "तू घरी खोटं सांगितलंस?"

"माझ्या घरात लपवण्यासारखं काय आहे?" त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज मी पहिल्यांदाच चढलेला ऐकला. त्या आत जाऊन परवाना घेऊन आल्या आणि त्यांनी तो आईपुढे धरला. "हे बघा, सुजाताची आई. आठवड्यातून एकदा, साठ मिली. सरकारी परवाना आहे."

आईनं कागदाला हात लावला नाही. "सरकारनं आमच्या ह्यांना पण कधी अडवलं नव्हतं," ती म्हणाली.

मॅडमनी कागद घडी करून हातात ठेवला. मी टेबलावरची माझी पुस्तकं गोळा करायला लागले. आई त्या पुस्तकांकडे बघत राहिली. मला वाटतं, ती घरातल्या खोलीचं माप मनात घेत होती.

"एक ग्लास पिऊन थांबणारा माणूस मी बघितला नाय," शेवटी ती म्हणाली. "मी शनिवारी येऊन बसेन. चालेल?"

"चालेल काय, यायलाच हवं. तपासणी झाली पाहिजे," मॅडम म्हणाल्या. "पण मग दर शनिवारी या. मधलाच एखादा नमुना घेऊन काही कळत नाही."

जिन्यावर आईनं मला सांगितलं, "ऐक. ज्या दिवशी दुसरा ग्लास भरला, त्या दिवशी उठायचं. मग ते टेबल नाय नि मॅडम नाय. परीक्षा असो नायतर काय असो."

त्या दिवसापासून शनिवारी आई कारखान्यातून थेट यायची. दाराजवळच्या स्टुलावर बसायची, चपला बाहेरच्या दिशेनं तोंड करून काढलेल्या. चहा नको, पाणी नको. मॅडम मोजायच्या, हलवायच्या, गाळायच्या. मग ग्लास घेऊन खुर्चीत बसून अर्धा-पाऊण तास हळूहळू प्यायच्या आणि मला प्रश्न विचारायच्या. मी उत्तर चुकायची, कारण माझं लक्ष ग्लासाकडे असायचं. तळाशी फेस उरला की मी बाटलीकडे बघायची. मग त्या उठायच्या, ग्लास धुवायच्या, बाटली कपाटात जायची.

परत येताना आई म्हणायची, "ग्लास मोठा आहे. म्हणून एकात भागतं." पुढच्या शनिवारी, "आपण असतो म्हणून. आपण गेलो की घेत असणार." मग एका बुधवारी ती अचानक मॅडमकडे आली. छत्री राहिली म्हणाली. छत्री राहिलेली नव्हती. आमच्याकडची एकमेव छत्री त्या दिवशी भावाकडे होती. मॅडमनी छत्रीबद्दल काही विचारलं नाही. त्यांनी कपाट उघडून बाटली दाखवली. लेबलावर पेन्सिलीनं बारीक रेघा होत्या, प्रत्येक रेघेशेजारी शनिवारची तारीख. शेवटच्या रेघेशी व्हिस्की बरोबर टेकलेली. आई वाकून बघत राहिली. मग म्हणाली, "तुमच्याकडं छत्री नसेल राहिली." आणि गेली.

डिसेंबरात मॅडमच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. त्यांनी डॉक्टरांना स्वतःहून शनिवारचं सांगितलं आणि डॉक्टरांनी पंधरा दिवस नको म्हटल्यावर पंधरा दिवस बाटली काढली नाही. आई तरीही दोन्ही शनिवारी येऊन बसली. तिसऱ्या शनिवारी सामान टेबलावर आलं. पण नवा चष्मा मिळाला नव्हता आणि डाव्या डोळ्यानं त्यांना मोजपात्राच्या रेघा दिसेनात. त्यांनी ओतलं आणि मला वाचायला सांगितलं.

"सत्तर," मी म्हणाले.

त्यांनी ते मोरीत ओतून टाकलं. मी म्हणाले, "मॅडम, जास्तीचं बाटलीत परत घाला ना."

"बाटलीतून काढलेलं बाटलीत परत जात नाही. दुसऱ्या वर्षाला शिकवलंय तुला."

पुन्हा ओतलं. सहासष्ट. पुन्हा मोरीत. बाटली खाली ठेवून त्या म्हणाल्या, "राहू दे. या शनिवारी राहू दे." आवाज साधाच होता, पण त्यांनी चेहरा खिडकीकडे वळवला. मी बाटलीकडे पाहिलं, आणि आपल्या हातांकडे. साठ मिली मोजून ओतणं प्रयोगशाळेत मी रोज करते. माझ्यानं हात उचलला जाईना.

तेव्हा आई स्टुलावरून उठली. "द्या इकडं," म्हणाली. तिनं पदर खोचला, बाटली उचलली, मोजपात्राकडे न बघता धार सोडली आणि मनगट वळवून तोडली.

"बघ गं किती."

मी खाली वाकून डोळा रेघेच्या उंचीला आणला. दोनदा पाहिलं. "साठ."

मॅडम वळल्या. "अंदाजानं?"

"तेरा वर्षं काढलीय मी त्यांच्या बाटलीतून," आई म्हणाली. "ते झोपले की एवढी काढायची नि तेवढंच पाणी घालायचं. ह्याच्यावर काढली की त्यांना चवीवरून कळायचं. मग मार." तिनं बूच घट्ट लावलं. "कमी काढली तर उपयोग काय?"

मला यातलं काहीच माहीत नव्हतं. त्या खोलीत तेरा वर्षं मी झोपलेली असायची.

मॅडमनी आईकडे निरखून पाहिलं, जणू तो न दिसणारा डोळाही कामाला लावला होता. मग म्हणाल्या, "आमच्या विभागात असायला हव्या होतात तुम्ही. मी एकतीस वर्षांत इतका स्थिर हात पाहिला नाही."

"साबण कुठाय?" आई म्हणाली. तिनं कोपरापर्यंत हात धुतले, तीन वेळा. मग स्टुलावर जाऊन बसली. पण जाता जाता म्हणाली, "ते हलवायचं असतं ना? हलवा मग. मी काय हलवणार नाय."

मॅडम हसल्या. बरणी हलवताना त्यांचे आकडे त्या दिवशी दोनदा चुकले.

नवा चष्मा येईपर्यंत, पाच शनिवार, आईनं मोजून दिलं. सकाळी पंचशील म्हणताना पाचव्याला तिचा आवाज पूर्वीइतकाच मोठा होता. पुढे मॅडम स्वतः मोजायला लागल्या, तरी ती येत राहिली.

परीक्षा झाली. मॅडमना एकटीनं राहणं जमेनासं झालं होतं, म्हणून मे महिन्यात त्यांची भाची त्यांना नाशिकला घेऊन गेली. मी येऊन भेटेन म्हणाले होते. एमएस्सीच्या प्रवेशाच्या धावपळीत ते राहिलं, आणि दिवाळीच्या आधी भाचीचा फोन आला की मावशी झोपेतच गेल्या. आईला सांगितलं तर ती धागे कापायची कात्री हातात घेऊन तशीच बसून राहिली.

म्हणजे मी त्यांना शेवटचं पाहिलं ते नाशिकला निघण्याआधीच्या शनिवारी. मी आतल्या खोलीत त्यांची पुस्तकं खोक्यात भरत होते. दोरी न्यायला बाहेर आले तर स्टूल रिकामं होतं. आई टेबलाशी, खुर्चीत, मॅडमच्या समोर बसली होती. ती म्हणत होती, "आवाज होता हो त्यांना. आमच्या लग्नात स्वतःच गायलेले. नवरदेव गातोय म्हणून सगळे हसले, पण मग गप्प झाले." पप्पा गायचे हे मला तेव्हा कळलं. मॅडम हनुवटीखाली हात घेऊन ऐकत होत्या. त्यांच्यापुढे ग्लास होता, अर्धा. मी दोरी घेऊन आत गेले.

खूप वेळानं आईनं हाक मारली. बाहेर आले तेव्हा ग्लास तसाच अर्धा होता. फेस खाली बसला होता, ग्लासाखाली पाण्याचं वर्तुळ साचलं होतं. मॅडमना तो आत्ता दिसला. "अरे," म्हणाल्या, आणि उठून त्यांनी तो मोरीत रिकामा केला, विसळला. आई दाराशी चपला घालत होती. एक पाय चपलेत गेल्यावर ती थांबली.

"ते कोणतं गाणं होतं, ते सांगायचं राहिलंच."

"मग बसा ना," मॅडम म्हणाल्या.

आईनं पाय चपलेतून काढला. मॅडमनी ग्लास पालथा घातला, हात पुसले आणि पुन्हा तिच्यासमोर येऊन बसल्या.